पिशवी फ्रीजमध्येच असते, मग तासभर का लागतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी वाचकांच्या पत्रांत एका काकांचं पत्र आलं होतं. काकूंच्या ऑपरेशनला दोन पिशव्या रक्त लागलं, रक्तपेढीत सव्वा तास ताटकळत बसावं लागलं, वर एकेका पिशवीमागे दीड हजाराच्या आसपास पावती झाली, आणि मग त्यांनी सरळ विचारलंय की लोक रक्त फुकट देतात, पिशवी फ्रीजमध्ये तयार असते, मग ही आतली माणसं तासभर करतात काय आणि पैसे कसले घेतात. मी त्या आतल्या माणसांपैकी एक. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झाल्यापासून सतरा वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन आहे. काकांचा राग मला कळतो, आपलं माणूस आत टेबलावर असलं की बाहेर दहा मिनिटंसुद्धा सरत नाहीत. पण आमच्या कामाबद्दल बाहेर कुणाला काहीच माहीत नसतं हेही तितकंच खरं आहे, माझ्या माहेरी अजून सांगतात की ती "रक्त काढायला असते", आणि शेजारच्या वहिनी मला नर्स समजून सासऱ्यांचं बीपी बघायला बोलावतात. म्हणून पत्र जरा लांबलंय तरी छापा ही विनंती.

काका, तुम्ही काउंटरवर फॉर्म आणि सॅम्पलची ट्यूब दिलीत तिथपासूनच सांगते. आम्ही पहिलं काम करतो ते रक्ताचं नाही, कागदाचं. फॉर्मवरचं नाव, वय, आयपी नंबर (दवाखान्यात भरती झाल्यावर पेशंटला मिळतो तो), वॉर्ड आणि ट्यूबवरच्या लेबलवरचं सगळं अक्षर न् अक्षर जुळवून बघतो, आणि एक आकडा जरी चुकला तरी सॅम्पल परत पाठवतो. लोकांना याचा सगळ्यात जास्त संताप येतो. "एवढ्याशा आकड्यासाठी?" असं म्हणतात. पण जगभरात चुकीचं रक्त चढून जे गंभीर प्रकार होतात त्यातले बहुतेक असल्याच चुकीने होतात, लेबल चुकलं, ट्यूब बदलली, पिशवी शेजारच्या बेडला लागली. मी स्वतः बघितलंय. रात्री अडीचला एक सॅम्पल आलं, नाव बरोबर, आयपी नंबर वेगळा. मी परत पाठवलं तर त्या बाईंच्या मुलाने काउंटरच्या काचेवर हात आपटले, आमचे सिक्युरिटीचे काका मध्ये पडले म्हणून निभावलं. वीस मिनिटांनी नवीन सॅम्पल आलं आणि तो ग्रुप ए पॉझिटिव्ह निघाला. आधीची ट्यूब मी बाजूला ठेवली होती, ती लावून बघितली तर बी पॉझिटिव्ह. त्याच वॉर्डात त्याच नावाची दुसरी बाई होती. तो मुलगा सकाळी येऊन काहीच न बोलता दोन मिनिटं उभा राहिला आणि गेला. त्याच्यावर माझा अजिबात राग नाही, पण त्या रात्री मी आवाजाला घाबरून सॅम्पल घेतलं असतं तर काय झालं असतं हे आजही डोक्यातून जात नाही.

कागद जुळले की मग रक्त. ग्रुप काढणं म्हणजे काचेवर तीन थेंब टाकायचे आणि झालं असं शाळेत दाखवतात, निळा थेंब अँटी-ए, पिवळा अँटी-बी आणि बिनरंगाचा अँटी-डी, आणि जिथे रक्त फाटल्या दुधासारखं गुठळ्या गुठळ्या होतं तो तुमचा ग्रुप. ते बरोबरच आहे पण ते अर्धंच काम आहे. आम्ही उलटा ग्रुपही काढतो, म्हणजे पेशंटच्या लाल पेशी बाजूला ठेवून वरचं पिवळं पाणी, सीरम, घ्यायचं आणि त्यात ज्यांचा ग्रुप पक्का माहीत आहे अशा ए, बी आणि ओ पेशी टाकायच्या. ए ग्रुपच्या माणसाच्या अंगात बी विरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर चाल करून जाणारे रक्तातले पदार्थ, जन्मानंतर काही महिन्यांतच आपोआप तयार होतात, बी वाल्याच्या अंगात ए विरुद्ध, ओ वाल्याच्या अंगात दोन्ही. हे कोडं कार्ल लँडस्टायनरने व्हिएन्नात १९०१ च्या सुमाराला उलगडलं, १९३० साली त्याला नोबेल मिळालं आणि त्याच्या जन्मदिवसाला, १४ जूनला, आता जागतिक रक्तदाता दिन असतो. त्याच्याआधी रक्त चढवलं तर माणूस वाचेल की जाईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तर सुलट आणि उलट दोन्ही बाजूंनी एकच उत्तर यायला हवं. नाही आलं तर पिशवी फ्रीजमधून हलत नाही, मग बाहेर कोणीही असो.

त्यानंतर क्रॉसमॅच, आमच्या भाषेत मॅचिंग, आणि तुमचा वेळ जातो तो मुख्यतः इथे. प्रत्येक पिशवीला एक लांब नळी असते, तिचे सील केलेले छोटे छोटे तुकडे असतात, त्यातला एक कापून पिशवीतल्या लाल पेशी घ्यायच्या आणि त्या पेशंटच्या सीरमबरोबर जेल कार्डात, म्हणजे बारीक नळ्यांत जेल भरलेल्या छोट्या प्लॅस्टिकच्या कार्डात, टाकायच्या. कार्ड शरीराएवढ्या तापमानाला, ३७ डिग्रीला, पंधरा मिनिटं ठेवायचं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवायचं. त्याआधीचा ग्रुप, अँटिबॉडी आहेत का त्याची चाळणी, आणि नंतर कागदपत्रं धरली की पाऊण तास ते तास होतोच. कार्ड बाहेर काढलं की उजेडासमोर धरून बघायचं. लाल पेशी जेलमधून उतरून तळाला टिपक्यासारख्या बसल्या असतील तर पिशवी चालेल. वरच अडकल्या असतील, किंवा मध्ये लाल धूळ पसरल्यासारखी दिसली, तर नाही. ते मशीन पंधरा मिनिटांचं काम पाच मिनिटांत करत नाही, मी कितीही घाई केली तरी. अगदीच जिवावर बेतलं असेल, ॲक्सिडेंट, बाळंतपणातला रक्तस्राव, तर डॉक्टरांनी लिहून सही दिली की पूर्ण मॅचिंगची वाट न बघता ओ निगेटिव्ह किंवा त्याच ग्रुपचं रक्त आम्ही काही मिनिटांत देतो आणि मॅचिंग मागाहून पुरं करतो. पण ती जोखीम असते आणि ती डॉक्टर घेतात, नातेवाईक ओरडतात म्हणून मी घेऊ शकत नाही.

एवढ्या सगळ्याची गरज काय, ओ पॉझिटिव्हला ओ पॉझिटिव्ह द्यायचं, असं वाटत असेल तर एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी एका ताईंचं सॅम्पल आलं, बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट जोडलेला, ओ पॉझिटिव्ह. आमच्याकडेही सुलट ग्रुप ओ पॉझिटिव्हच आला. फ्रीजमध्ये ओ पॉझिटिव्हच्या तीसेक पिशव्या. मॅचिंगला दोन लावल्या, दोन्ही कार्डांत पेशी वर अडकल्या. वाटलं पिशव्यांमध्ये काहीतरी असेल, अजून चार लावल्या, सगळ्या तशाच. मग उलट्या ग्रुपकडे नीट बघितलं तर ए पेशी गुठळल्या, बी पेशी गुठळल्या, ते अपेक्षितच होतं, पण ओ पेशीसुद्धा गुठळल्या होत्या. ओ पेशी कधीच गुठळायला नकोत. हातातली ट्यूब तशीच धरून मी आमच्या मॅडमना फोन लावला, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "अँटी-एच लाव." लावलं, काहीच झालं नाही, पेशी गुळगुळीत. म्हणजे ताई ओ नव्हत्याच, त्या बॉम्बे ग्रुपच्या होत्या.

हा ग्रुप आपल्या मुंबईतच सापडला, १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला म्हणून जगभर त्याला बॉम्बे म्हणतात. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक धरतात. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा पायाच या माणसांत नसतो, ओ वाल्यांत मात्र तो भरपूर असतो. त्यामुळे वरवरच्या टेस्टमध्ये ते ओ दिसतात पण ओ रक्त दिलं तर शरीर ते फोडून टाकतं. बॉम्बेला फक्त बॉम्बेच चालतं. बाहेर ताईंचे मिस्टर म्हणत होते की फ्रीजमध्ये ओ चा ढीग दिसतोय आणि तुम्ही देत नाही, कुणाला पैसे हवेत का. मी त्यांना आत बोलावलं, ती कार्डं उजेडासमोर धरून दाखवली, शेजारी दुसऱ्या पेशंटचं चांगलं मॅच झालेलं कार्ड धरलं. बघितल्या बघितल्या ते गप्प झाले. नशिबाने ऑपरेशन ठरवून करायचं होतं, दोन दिवस पुढे ढकललं, दुर्मीळ ग्रुपच्या यादीतून शेजारच्या जिल्ह्यातला एक तरुण मिळाला, तो चार तास एसटीने आला, रक्त दिलं, चहा पिऊन परत गेला. त्याच्या पिशवीचं मॅचिंग मीच लावलं होतं, आणि त्या कार्डाच्या तळाला बसलेला तो लाल टिपका बघून मला जे वाटलं ते या नोकरीत फार थोड्या वेळा वाटलंय.

आता पैशाचं. रक्ताची किंमत नसते, ती असूही नये, सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर देशभर बंदी आली ती त्याचसाठी, आणि २०२३ च्या डिसेंबरअखेर केंद्राने पुन्हा बजावलंय की रक्त ही विकायची गोष्ट नाही, फक्त प्रक्रियेचा खर्च घ्या. पावतीवर असतो तो तोच. पिशवी साधी प्लॅस्टिकची नसते, आत मोजून औषध घातलेली, एकीला जोडलेल्या दोन-तीन असतात. प्रत्येक पिशवीच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस (गुप्तरोग) आणि मलेरिया अशा पाच टेस्ट कराव्याच लागतात, आणि त्यात जी पिशवी पॉझिटिव्ह निघते ती नष्ट करतो, तिचा खर्च कुणाच्याच पावतीवर येत नाही. फ्रीज दोन ते सहा डिग्री, प्लाझ्माचा फ्रीजर उणे तीसच्या खाली, चोवीस तास, लाइट गेली तरी. कायद्याने रक्त हे औषध आहे, औषध दुकानासारखंच आम्हाला लायसन्स असतं आणि एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, लोक येऊन एकेक रजिस्टर तपासतात. सरकारी रक्तपेढीत दर कमी असतो, आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलच्या पेशंटना रक्त मोफत द्यायचं असतं, हे ज्यांच्या घरी असे पेशंट आहेत त्यांनी जरूर लक्षात ठेवा आणि मागून घ्या. दरापेक्षा कोणी जास्त मागितलं तर तक्रार करा, खुशाल करा, त्यात आमच्यासारख्यांना वाईट वाटणार नाही.

लोकांना अजून एक माहीत नसतं की एका माणसाने दिलेली पिशवी बहुतेक वेळा एका पेशंटला जात नाही. ती मोठ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की खाली लाल पेशी, वर पिवळा प्लाझ्मा आणि मध्ये पांढुरका पातळ पदर असे थर होतात, ते वेगवेगळ्या पिशव्यांत काढतो. लाल पेशी, ज्याला दवाखान्यात पीसीव्ही म्हणतात, त्या पिशवीतल्या औषधाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर. आणि प्लेटलेट फक्त पाच दिवस, त्यातला पहिला तर तपासणीतच जातो. प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, २० ते २४ डिग्रीला एका सतत हलणाऱ्या ट्रेवर ठेवतात, तो ट्रे रात्रंदिवस डुलत असतो, थांबला तर प्लेटलेट खराब. देण्याआधी मी प्रत्येक पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच हलवते. प्लेटलेट चांगल्या असतील तर त्या पिवळ्या पाण्यात उन्हात रेशीम हलवल्यासारखी चमकदार लाट फिरते, मेलेल्या असतील तर नुसतं गढूळ पाणी. ती लाट दिसली की कुठल्यातरी डेंग्यूच्या किंवा कॅन्सरच्या पोराला ही उपयोगी पडणार हे मला तिथेच कळतं.

आणि म्हणून शिबिरांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला किंवा जयंतीला एकाच दिवशी तीनशे-चारशे पिशव्या होतात, मंडप, बॅनर, प्रत्येकाला हेल्मेट नाहीतर टिफिन. देणाऱ्यांची भावना चांगलीच असते, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्या सगळ्या प्लेटलेट पाचव्या दिवशी एकदम संपतात. पाचव्या दिवशी संध्याकाळी चांगल्या, लाट मारणाऱ्या पिशव्या नष्ट करायला ऑटोक्लेव्हमध्ये टाकताना हात जड होतात. आणि तेच मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, ऊन, लग्नसराई, तेव्हा आम्ही एकेका पिशवीसाठी फोन फिरवत असतो. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत डेंग्यू, तेव्हा प्लेटलेटची मारामार. मंडळांनी चारशेचं एक शिबीर घेण्याऐवजी पन्नास-पन्नासची आठ घेतली, त्यातलं एक मेमध्ये आणि दोन पावसाळ्यात, तर बॅनर छोटा होईल पण रक्त वाया जाणार नाही. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं, तेव्हा आपली तारीख आपणच कॅलेंडरवर लिहून ठेवली तर शिबिराची वाटही बघायला नको, थेट रक्तपेढीत या.

शिबिरात आम्ही जे प्रश्न विचारतो, मागच्या महिन्यात ताप, टॅटू, औषधं, आणि लैंगिक संबंधांबद्दलसुद्धा, त्यांना लोक लाजून नाहीतर घाईत सरसकट "नाही" वर टिक करतात. कृपा करून असं करू नका. संसर्ग झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस कुठल्याच टेस्टमध्ये तो दिसत नाही, त्या दिवसांत तुमचं खरं उत्तर हीच एकमेव टेस्ट असते. फॉर्म गुप्त असतो. आणि एचआयव्हीची टेस्ट फुकटात होईल म्हणून तर शिबिराला अजिबात येऊ नका, त्यासाठी सरकारी दवाखान्यात वेगळं केंद्र असतं, तिथेही ती मोफत आणि गुप्तच होते.

आणि ते "घरचं रक्त". मुलगा बाही वर करून उभा असतो, म्हणतो माझंच घ्या आणि आईला गरम गरम चढवा, परक्याचं नको. त्याचं प्रेम मला दिसतं, पण टेस्ट न करता कुणाचंही रक्त देता येत नाही, आणि जवळच्या रक्ताच्या नात्यातलं रक्त तर उलट जास्त धोक्याचं ठरू शकतं, कारण त्यातल्या पांढऱ्या पेशींना पेशंटचं शरीर परकं म्हणून ओळखत नाही, त्या तिथेच रुजून पेशंटच्याच शरीरावर हल्ला करू शकतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर पेशंट सहसा वाचत नाही, म्हणून असं रक्त द्यायचंच झालं तर आधी त्या पिशवीला रेडिएशन द्यावं लागतं. तेव्हा मुलाने रक्त जरूर द्यावं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी आईला जाईल, आणि त्याच्या आईला दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचं मिळेल.

पिशवी हातात मिळाल्यावरही थोडं सांभाळा. मी स्कूटीच्या डिकीत, उन्हात पार्क केलेल्या गाडीत पिशव्या ठेवलेल्या बघितल्यात, एका गृहस्थांनी तर ऑपरेशन उद्यावर गेलं म्हणून पिशवी रात्रभर घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली आणि सकाळी परत घेऊन आले. गोठलं की लाल पेशी फुटतात, ते रक्त चढवलं असतं तर किडनीवर आलं असतं. अर्ध्या तासाच्या वर पिशवी बाहेर राहिली की आम्ही ती परत स्टॉकमध्ये घेत नाही, आणि चढवायला सुरुवात केली की चार तासांत संपवावी लागते. गरम पाण्यात बुडवून कोमट वगैरे करू नका, सिस्टरना काय करायचं ते माहीत असतं.

काका, पत्रात तुम्ही लिहिलंय की काकूंचं अजून एक ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टरांना सांगून आदल्या दिवशी दुपारीच सॅम्पल आणि फॉर्म रक्तपेढीत पाठवा, ताजं सॅम्पल मॅचिंगला तीन दिवस चालतं, पिशव्या मॅच करून काकूंच्या नावाने बाजूला ठेवता येतात, आणि न लागल्या तर दुसऱ्याला देता येतात. मग ऑपरेशनच्या दिवशी तुम्हाला पावती करून पिशवी घ्यायला दहा मिनिटं पुरतील. ट्यूबवरचा आयपी नंबर तेवढा फॉर्मशी जुळतोय का बघून घ्या, आणि येताना थर्माकोलचा बॉक्स आणा, बर्फ पिशवीला थेट लागू देऊ नका, मध्ये जाड कापड किंवा पेपरच्या घड्या घाला.

आपली,
एक रक्तपेढी टेक्निशियन
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)